पहिल्या पानावरचा पायताणवाला

ताई, मी मंगळवार पेठेत राहते. माझं शिक्षण मराठी शाळेत, बारावीपर्यंत. मुलगी इंग्रजी शाळेत आयसीएसईला दहावीत आहे. तिला इंग्रजी साहित्यात शेक्सपिअरचं 'ज्युलिअस सीझर' हे नाटक आहे. गणित-सायन्समध्ये बरी आहे, पण हे पुस्तक उघडलं की रडकुंडीला येते. परवा म्हणाली, 'आई, वर्गात सगळ्यांना कळतंय, मीच ढ आहे.' क्लासच्या सरांनी सांगितलंय, नाटक वाचत बसू नका, मी देतो ती चाळीस उत्तरं पाठ करा, मार्क पडतील. रात्री अकरापर्यंत ती तेच घोकत असते. माझे मिस्टर म्हणतात, चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी शिकून करायचंय काय, त्यापेक्षा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू. आमचं चप्पल लाइनला दुकान आहे. सासरे पूर्वी स्वतः चपला करायचे, आता हात कापतो म्हणून बंद केलं. घरात इंग्रजीचं कोणीच नाही. मी तिला मदत कशी करू? आणि खरं सांगा, या सगळ्याचा उपयोग काय? नाव छापू नये.
– एक आई, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

दुकानाचं आणि सासऱ्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, घरात इंग्रजीचं कोणी नाही एवढंच सांगायला. मी मात्र तिथंच थांबले आणि एकटीच हसले. कारण 'ज्युलिअस सीझर'मध्ये सीझर यायच्या आधी, त्याच्या खुनाच्या कटात सामील होणारा ब्रूटस यायच्या आधी, अगदी पहिल्या पानावर कोण येतं ठाऊक आहे? पायताणं शिवणारा. तुमच्या मुलीला हे कोणी दाखवलंय का विचारा. चाळीस उत्तरांत तो बहुतेक बसला नसणार.

म्हणून आधी तो प्रवेश सांगते, सल्ल्याचं मग बघू.

रोम शहर. कामाचा दिवस, पण लोक दुकानं बंद करून, ठेवणीतले कपडे घालून रस्त्यावर आलेत. सीझर लढाई जिंकून आलाय, त्याची मिरवणूक बघायची आहे. दोन अधिकारी त्यांना हटकतात. कामाचे कपडे कुठं आहेत, हत्यारं कुठं आहेत, तुझा धंदा काय? पहिला सरळ सांगतो, सुतार. दुसरा सांगतो, 'कॉब्लर'. आता या शब्दाचे त्या काळी दोन अर्थ होते, एक पायताणं दुरुस्त करणारा आणि दुसरा कसंतरी काम उरकणारा अडाणी कारागीर. अधिकाऱ्याला वाटतं, हा गडी टाळतोय. तो आवाज चढवून पुन्हा विचारतो. मग हा पठ्ठ्या म्हणतो, मी खराब 'सोल' दुरुस्त करतो, साहेब. 'सोल' म्हणजे चपलेचा तळ, आणि कानाला अगदी तसाच लागणारा दुसरा शब्द म्हणजे आत्मा. अधिकारी आणखी भडकतो. हा पुढं म्हणतो, माझं पोट सगळं 'ऑल'वर चालतं. 'ऑल' म्हणजे सगळं, आणि 'ऑल' म्हणजे चामड्याला भोक पाडायची आरी. मग म्हणतो, मी जुन्या पायताणांचा सर्जन आहे, फार अत्यवस्थ झाली की मी त्यांना 'रिकव्हर' करतो. रिकव्हर म्हणजे बरं करणं, आणि पुन्हा कातडं चढवणंही. वर हेही ऐकवतो, की भलीभली माणसं माझ्या हातच्या कामावर पाय देऊन चाललीत. शेवटी अधिकारी विचारतो, मग दुकान सोडून या लोकांना रस्त्यानं हिंडवतोस कशाला? तर म्हणतो, त्यांची पायताणं झिजावीत म्हणून, साहेब, मला काम मिळेल.

आता सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? ज्या मुलीनं आजोबांच्या हातात आरी आणि रापी बघितलीय, कापशीच्या जोडाचा तळ कसा शिवतात हे बघितलंय, तिला वर्गातल्या कुठल्याही मुलीपेक्षा हे पान लवकर कळायला हवं. तिला ते लागत नाही, कारण कोणी तिला पानावर सोडलेलंच नाही. पानाच्या अलीकडंच 'उत्तर क्रमांक एक' उभं आहे.

याच पानावर दुसरी एक गंमत आहे. ते अधिकारी पायताणवाल्याला बहुतेक वेळा 'दाऊ' म्हणतात आणि तो मात्र त्यांना 'यू' म्हणतो, शिवाय वाक्यावाक्याला 'सर' लावतो. आजच्या इंग्रजीत 'यू' तेवढं उरलंय, त्यामुळं मुलांना 'दाऊ', 'दी', 'दाय' दिसले की पोटात गोळा येतो. शाळेत सांगतात, जुनं इंग्रजी आहे, 'दाऊ' म्हणजे 'यू'. झालं. अहो, पण तेवढंच नाही ते! 'दाऊ' म्हणजे तू, आणि 'यू' म्हणजे तुम्ही. कोण कुणाला अरे-तुरे करतंय आणि कोण अहो-जाहो, हे आपल्या घरातलं चार वर्षांचं पोरही ओळखतं. दुकानात गिऱ्हाईक तुमच्या मिस्टरांना कसं हाक मारतं आणि ते गिऱ्हाइकाला कसं बोलतात, यावरून माणूस कोणत्या गल्लीतून आलाय हे तुम्ही सांगाल. आजच्या लंडनच्या मुलाला हा फरक टीप वाचून शिकावा लागतो. तुमच्या मुलीला तो आयता आहे, फक्त तिला कोणी सांगितलेलं नाही. सीझर मरताना लॅटिनमध्ये म्हणतो ना, 'एत तू, ब्रूते?', त्यातला 'तू' हा आपलाच 'तू' आहे. उगाच आवाज जुळलाय असं नाही. लॅटिन आणि संस्कृत लांबच्या बहिणी, त्यांच्या घरातलं हे जुनं भांडं. आणि सीझर मेल्यावर, सगळे निघून गेले की त्याचा मित्र अँटनी एकटाच प्रेताशी बोलतो तेव्हा 'दाऊ' म्हणतो, तिथं अधिकाऱ्याचा तुसडेपणा नाही, जवळच्या माणसाचा तू आहे. एकाच शब्दाचे दोन तू. मुलीला म्हणा, पेन्सिल घेऊन एका अंकातले सगळे 'दाऊ' शोध आणि प्रत्येकासमोर लिही, रागाचा की मायेचा. एवढं केलं तरी नाटकातली अर्धी माणसं तिच्या ओळखीची होतील.

आता ढ असण्याचं. वर्गात सगळ्यांना कळतंय हे साफ खोटं आहे. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माना हलवणारी मुलं ओळखायला मला पहिली पाचसहा वर्षं लागली, नंतर नुसत्या डोळ्यांवरून कळायचं. पुस्तकात पानाच्या कडेला टिपा असतात ना, त्या काही कोल्हापूरच्या मुलांसाठी शोधून काढलेल्या नाहीत. इंग्लंडमधल्या मुलांनाही सोळाव्या वर्षाच्या परीक्षेसाठी शेक्सपिअरचं एक नाटक सक्तीनं वाचावं लागतं, आणि त्यांच्या पुस्तकांतही अशाच टिपा असतात, अशीच कपाळावर आठी असते. नाटक 1599 चं आहे. आपल्याकडे तुकाराम महाराजांचा जन्म 1608 चा धरतात, आणि शेक्सपिअर गेला 1616 ला. म्हणजे हे दोघं काही वर्षं एकाच वेळी या पृथ्वीवर होते. गाथेतला प्रत्येक शब्द आपल्याला कळतो का? नाही कळत. पण भजनात बसलेली बाई अडत नाही, कारण तिनं तो अभंग आधी शंभरदा ऐकलेला असतो. अर्थ मागून येतो, हळूहळू, कधी तर दहा वर्षांनी. शेक्सपिअरही आधी ऐकायचा असतो. तो नाटक कंपनीचा माणूस, त्याचं लिहिणं रंगमंचावर म्हणायला होतं. 'ज्युलिअस सीझर' तर तो हयात असताना पुस्तकरूपानं छापूनही आलं नव्हतं, ते आलं 1623 ला, तो जाऊन सात वर्षं झाल्यावर. आणि आपण ते ट्यूबलाइटखाली, ओठ मिटून, मार्करनं रंगवून वाचायला लावतो.

तुमचे मिस्टर म्हणतात ते मी उडवून लावणार नाही. एका गोष्टीत ते बरोबर आहेत. सीझर वाचून मुलाखतीचं इंग्रजी येत नाही, बँकेत बोलायचं येत नाही, दुकानात परदेशी गिऱ्हाईक आलं तर 'दाऊ' म्हणून चालणार नाही. ती गरज खरी आहे, तिच्यासाठी बोलण्याचा सराव वेगळा करावा लागतो. दहावी झाली की सुट्टीत करा. पण एकाऐवजी दुसरं, असं ते गणित नाही. आणि नाटक अभ्यासक्रमात आहे, ते काही तुमच्या-माझ्या मतानं निघणार नाही. दहावी होईपर्यंत ते घरात असणारच आहे, तर पाहुण्यासारखं दारात उभं ठेवायचं की आत घ्यायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

उपयोगाचं विचारलंत म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, कोल्हापूरचीच. 1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले ते आपल्या कोल्हापूरच्या प्रकरणात. इथल्या छत्रपतींचा छळ होतोय अशा मजकुरावरून संस्थानच्या कारभाऱ्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. एकशे एक दिवस दोघं आत होते. तिथं आगरकरांनी काय हाताशी घेतलं होतं? 'हॅम्लेट'. तिथं केलेलं त्याचं मराठी पुढच्या वर्षी 'विकारविलसित' या नावानं छापून आलं. इंग्रज सरकारच्या तुरुंगात बसून इंग्रजांच्या नाटककाराला मराठीत आणणारा हा माणूस काही गोऱ्यांपुढं वाकणारा नव्हता. त्याला ते नाटक आपल्या कामाचं वाटलं, म्हणून त्यानं घेतलं. देवलांचा 'झुंझारराव' 'ऑथेल्लो'वरून आला, शिरवाडकरांचा 'नटसम्राट' 'किंग लिअर'च्या सावलीत उभा राहिला. आपल्या लोकांनी शेक्सपिअरला चाळीस उत्तरांत कधी कोंबला नाही. त्याला फेटा बांधला आणि केशवराव भोसले नाट्यगृहासारख्या थिएटरांत उभा केला.

आता क्लासच्या सरांबद्दल. त्यांना मी शिव्या घालू शकत नाही, कारण त्यांचं पाप मी आठ-नऊ वर्षं केलंय. सुरुवातीच्या काळात मी उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे. मुलं उतरवून घ्यायची, मी खूश, मुख्याध्यापक खूश, पालक तर फारच खूश. एका सहामाहीला पेपर तपासायला बसले. एका भाषणाच्या उताऱ्यावर प्रश्न होता, वक्त्याबद्दल. त्रेचाळीस पेपर होते. पहिल्यात 'ओरेटर'चं स्पेलिंग चुकलेलं, शेवटी 'ओआर' हवं तिथं 'ईआर'. लाल गोल केला. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच. दहाव्या पेपरला मी मुलांवर चिडले होते, विसाव्याला मला घाम फुटला. चूक माझी होती, फळ्यावरची. त्रेचाळीस मुलांनी माझी चूक इमानदारीनं पाठ केली होती आणि एकालाही ती दिसली नव्हती, कारण त्या शब्दाशी, त्या वक्त्याशी, त्याच्या भाषणाशी कुणाचा काही संबंधच आला नव्हता. त्या रात्री मी ते सगळे लाल गोल खोडत बसले. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर उत्तर लिहिणं बंद.

पाठांतर वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. पाढे पाठ करतो, आरत्या पाठ करतो, त्यात काय बिघडलं? फक्त पाठ काय करायचं ते बघा. सरांचं उत्तर हे शिळं अन्न आहे. पाठ करायचंच तर तिला तिसऱ्या अंकातलं अँटनीचं भाषण पाठ करू दे. मूळ, इंग्रजीत, पहिल्या तीसेक ओळी. मोठ्यानं, गच्चीवर उभं राहून, शेजारी हसले तर हसू देत.

ते भाषण आहेच तसं, आणि ते समजायला कोल्हापूरसारखं गाव नाही. तुम्ही बिंदू चौकातल्या सभा ऐकल्या असतील, निदान येता-जाता कानावर पडल्या असतील. तर तो प्रवेश म्हणजे बिंदू चौकातली सभा आहे असं समजा. सीझरला भर सिनेटमध्ये मारलंय. बाहेर लोक जमलेत, काय झालं सांगा म्हणून ओरडतायत. आधी ब्रूटस उठतो. सरळमार्गी माणूस. म्हणतो, माझं सीझरवर प्रेम कमी नव्हतं, रोमवर जास्त होतं. तो महत्त्वाकांक्षी होता म्हणून मारला. मोजकं, मुद्देसूद बोलतो, आणि तेही साध्या गद्यात. लोकांना पटतं. इतकं पटतं की गर्दीतनं एक जण ओरडतो, 'यालाच सीझर करा!' म्हणजे बघा, कुणी सीझर होऊ नये म्हणून खून केला, आणि ऐकणाऱ्यांना कळलं काय? इथं मी वर्गात नेहमी थांबायचे. मुलं आधी गप्प, मग एकेक जण हसायला लागायचा.

मग ब्रूटस काय करतो? माइक विरोधकाच्या हातात देतो आणि घरी जातो! लोकांना वर सांगून जातो, माझ्यासाठी कोणी निघू नका, अँटनीचं ऐका. आपल्याकडचा वॉर्डातला पोरगेला कार्यकर्तासुद्धा ही चूक करणार नाही. कटातला साथीदार कॅशिअस, त्यानं ब्रूटसला आधीच बजावलं होतं, याला बोलू देऊ नको म्हणून. आणि अँटनी उठतो. त्याला अट घातलेली, आम्हाला नावं ठेवायची नाहीत. तो ठेवतच नाही. तो फक्त म्हणत राहतो, ब्रूटस हा सन्माननीय माणूस आहे. एक गोष्ट सांगतो सीझरच्या भलेपणाची, आणि पुढं, ब्रूटस म्हणतो तो महत्त्वाकांक्षी होता, आणि ब्रूटस तर सन्माननीय माणूस आहे. पुन्हा एक गोष्ट, पुन्हा सन्माननीय. दर खेपेला तो शब्द थोडा थोडा आंबत जातो. मुलीला म्हणा, 'ऑनरेबल' हा शब्द जिथं जिथं येतो तिथं आवाज बदलून म्हणून बघ. पहिल्यांदा खरोखर मान देऊन, शेवटी आपल्याकडं 'आमचे सन्माननीय' म्हणून माइकवर टोमणा मारतात तसा. पाचव्या-सहाव्या वेळेला तुम्हालाही घरात बसून कळेल की हा माणूस आग लावतोय. शेवटी तो सीझरचं मृत्युपत्र काढतो, प्रत्येक नागरिकाला 75 द्राक्मा, नदीकाठच्या बागा सगळ्यांना खुल्या. निवडणुकीचे जाहीरनामे वाचणाऱ्या लोकांना यावर टीप लागते का?

हे एकदा तोंडात बसलं की ब्रूटस आणि अँटनी यांच्या भाषणांतला फरक सांगा, अँटनीचं वक्तृत्व सांगा, जमावाचा स्वभाव सांगा, कुठूनही प्रश्न येऊ दे, तिला सरांचं उत्तर आठवायला लागणार नाही. ओळी तिच्या जिभेवर असतील, उत्तर तिचं तिला सुचेल. इंग्रजी थोडं तोकडं पडेल, एखादी चूक होईल, पण ती स्वतःची असेल. शिवाय पेपरात नाटकातल्या ओळी छापून त्याखाली प्रश्न विचारतात, हे कोण कुणाला म्हणतंय, याच्या आधी काय झालं, यामागं त्याच्या मनात काय आहे. चाळीस उत्तरं पाठ केलेलं मूल तिथं गडबडतं, कारण ओळी एकेचाळिसाव्या जागेवरनं येतात.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही विचारलंत, मदत कशी करू. इंग्रजी येत नाही ही या कामात तुमची अडचण नाही, उलट मला तर ती सोय वाटते. रात्रीची भांडी आवरली की वीस मिनिटं तिला समोर बसवा. तिनं एक प्रवेश आधी मोठ्यानं वाचायचा, न थांबता, शब्द अडला तरी पुढं. मग टिपा बघून दुसऱ्यांदा. मग पुस्तक बंद, आणि तुम्हाला मराठीत सांगायचं, काय झालं, कोण कुणाला काय म्हणालं. तुम्ही फक्त मालिका बघताना विचारता तसे प्रश्न विचारायचे. मग? तो का गेला तिथं? बायको काय म्हणाली? ती जिथं 'असंच काहीतरी' म्हणेल, तिथं तिला कळलेलं नाही, पुन्हा पान उघडायचं. याला कुठलीही डिग्री लागत नाही. शाळेत मराठीत बोललं तर दंड करणारे लोक मी पाहिलेत, त्यांचं मनावर घेऊ नका. परकं पुस्तक आपल्या भाषेत सांगता आलं म्हणजेच ते पोचलं. मग झोपायच्या आधी तिनं त्याच प्रवेशावर स्वतःच्या इंग्रजीत पाचच ओळी लिहायच्या.

सुरुवात मी सांगते कुठून करा. पायताणवाल्यानंतर सरळ दुसऱ्या अंकातल्या त्या सकाळीवर या, सीझरच्या घरातली. तुम्हाला आवडेल. रात्री वादळ झालंय, बायकोला वाईट स्वप्न पडलंय, नवऱ्याच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा लागल्यात आणि लोक त्यात हात बुडवतायत. ती म्हणते, आज घराबाहेर पडायचं नाही. हा आधी फुशारकी मारतो, मग ऐकतो, म्हणतो बरं, नाही जात. तेवढ्यात कटातला एक जण न्यायला येतो. त्याला ते स्वप्न सांगितलं की तो लगेच त्याचा गोड अर्थ लावतो, आणि वर चिमटा काढतो, की लोक म्हणतील, सीझरच्या बायकोला बरी स्वप्नं पडेपर्यंत सभा तहकूब. झालं, स्वारी निघाली. या प्रवेशात तुमची मुलगी तुम्हाला काही समजावणार नाही, तुम्हीच तिला समजवाल. बायकोनं सांगितलेलं ऐकून पुन्हा चारचौघांच्या हसण्याला भिऊन उठणारे पुरुष काय रोममध्येच होते का?

गाइड फेकून देऊ नका. प्रवेश वाचून, सांगून, पाच ओळी लिहून झाल्या की मग उघडायचं, आपलं काय राहिलं ते बघायला. आधी उघडलं की संपलं. क्लासही एकदम सोडू नका, दहावीच्या वर्षात घरात वादळ नको. सरांना एवढंच विचारा, की उत्तरं देताय ती द्या, पण दर आठवड्याला नाटकातला एक न पाहिलेला उतारा देऊन त्यावरचे प्रश्न सोडवून घ्याल का? चांगला शिक्षक असेल तर त्याला हे विचारल्याचा आनंद होईल. सिनेमाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुली विचारतातच. 1953 चा जुना कृष्णधवल सिनेमा आहे, त्यात मार्लन ब्रँडोनं अँटनी केलाय. तिचं भाषण पाठ झाल्यावरच दाखवा, आधी नको. नाहीतर ती ब्रँडोची नक्कल करेल, आणि मला तुमच्या गच्चीवरचा अँटनी हवाय.

अजून एक छोटा प्रवेश सांगायचा राहिला, भाषणाच्या लगेच नंतरचा, एखाद-दीड पानाचा. भडकलेला जमाव रस्त्यात एका माणसाला अडवतो. नाव काय? सिना. कटात त्या नावाचा एक जण होता. हा ओरडून सांगतो, मी तो नव्हे, मी कवी आहे. तर ते म्हणतात, मग वाईट कविता केल्याबद्दल फाडा याला. आणि फाडतात. पहिल्या पानावर पायताणवाल्याबरोबर हसत मिरवणूक बघायला आलेली रोमची माणसं ती हीच. हा प्रवेश वर्गात वाचला की मुलं आधी कवितेवर हसायची, आणि मग कोणीतरी एकदम विचारायचं, 'मॅडम, पण त्यानं तर काहीच केलं नव्हतं?' त्यावर मी कधीच काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, मुलीला विचारू दे.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, येत्या रविवारी, तिला आजोबांच्या शेजारी बसवा. पहिला प्रवेश तिनं त्यांना वाचून दाखवायचा, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि त्यांची आरी मधे ठेवायची. दोन अधिकाऱ्यांना एकटा पुरून उरणारा तो गडी ऐकून तुमचे सासरे काय म्हणाले, ते मला दोन ओळींत कळवा. त्या सोल-आत्म्याच्या कोटीला त्यांच्याकडं एखादी आपली अस्सल कोटी असणार, चप्पल लाइनमधली. छापण्यासारखी नसली तरी लिहा.